खालच्या गावाची खुर्ची

वरच्या गावाच्या परिषदेत एक खुर्ची अशी होती की तिच्यावर बसणाऱ्याला मत नव्हतं, फक्त मान होता. मान म्हणजे काय, तर चहा सगळ्यात आधी मिळायचा. ही खुर्ची खालच्या गावाची. ओढा एकच. वरच्या गावातून उतरायचा आणि खालच्या गावात यायचा, त्यामुळे वरच्यांनी पाण्याचं काहीही ठरवलं की भोगायचं खालच्यांनी. फार पूर्वी यावरून बरीच डोकी फुटली आणि मग दोन्ही गावांनी मिळून एक नियम केला. पाण्याचा विषय निघाला की खालच्या गावाचं एक माणूस सभेला बसेल आणि त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय मतदान होणार नाही. ऐकायचं हं, मानायचंच असं नाही.

आता जिथे मत नाही तिथे जाणार कोण? खालच्या गावातल्या पुरुषांनी आळीपाळीने जाऊन पाहिलं, जांभया देऊन परत आले. शेवटी सगळ्यांच्या नजरा शिवणकाम करणाऱ्या काकूंकडे वळल्या. "तुमचं काम बसूनच असतं ना काकू, मग तिकडे जाऊन बसा," असं त्यांना सांगण्यात आलं. काकूंनी शिलाई मशीनवरून मान वर केली, चष्म्यातून सगळ्यांना एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "बसते. पण हात रिकामे ठेवणार नाही."

तेव्हापासून काकू सभेला जाताना काजांचं काम घेऊन जात. काज म्हणजे बटण अडकवायची शिवलेली चीर, हे सांगायची वेळ यावी असे दिवस आलेत खरे. इकडे सभासद एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत आणि तिकडे खिडकीखालच्या त्या डुगडुगत्या खुर्चीवर काकू सुईत दोरा ओवत. खुर्चीचा एक पाय आखूड होता. त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारायची हे काकूंचं सभेतलं पहिलं काम. हळूहळू सभासदांनाही सवय लागली. "काकू, एवढं बटण लावता का?" करत एकेक कोट खुर्चीपाशी येऊ लागला. अध्यक्षांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या छातीवर काकूंच्या हातचं एखादं तरी बटण होतं. सभासदांतले एकटे कंत्राटदार तेवढे अपवाद. त्यांच्या कोटाचं मधलं बटण कधीचंच गेलेलं होतं, पण ते काकूंपुढे कोट धरतील तर शपथ! खालच्या गावाला ते कायम पाण्यात पाहायचे. "ह्यांचं रडगाणं संपतच नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

काकू रडगाणं गात नसत. बोलायच्याच मुळी कमी. एकदा दवाखान्याच्या सांडपाण्याची नळी ओढ्याकडे वळवायचं चाललं होतं. वादावादी उतू जायला आली तेव्हा काकूंनी दात लावून दोरा तोडला आणि म्हणाल्या, "खाली ते पाणी लेकरं पितात." पुन्हा काज करायला लागल्या. नळी दुसरीकडे गेली.

घरी काका होते. उभा जन्म पिठाच्या गिरणीत गेलेला माणूस. गाव म्हणायचं, काका बारा महिने पांढरेशुभ्र. ते पीठ केसांतून धुतलं गेलं, छातीतून नाही गेलं. म्हातारपणी फुप्फुसांनी हात टेकले आणि डॉक्टरांनी पलंगाशेजारी एक यंत्र आणून ठेवलं. लहान ट्रंकेएवढं, दिवसरात्र घूं घूं करणारं. त्यातून निघालेली नळी काकांच्या नाकाला लावलेली. काका त्याला 'धाकटी गिरणी' म्हणत. "थोरलीने श्वास घेतला, धाकटी परत देतेय. हिशेब चुकता!" असं म्हणून हसत आणि हसताना खोकत.

पण धाकटी गिरणी चालायची विजेवर, आणि खालच्या गावची वीज म्हणजे जावईबापूंसारखी. आली तर आली, रुसली तर रुसली. वीज गेली की काकू हातातलं टाकून धावत, नळी यंत्रातून काढून ऑक्सिजनच्या सिलिंडरला लावत, चावी फिरवत. सिलिंडर संपत आला की वरच्या गावाहून हातगाडीवर दुसरा आणायचा. तोवर जीव टांगणीला. बाहेर कुठे गेल्या की काकूंचा एक कान कायम घराकडे. पुलावर पोहोचल्या की थांबायच्या आणि ऐकायच्या. घर पुलाला लागूनच, त्यामुळे घूं घूं ऐकू आलं तर चालत जायचं, नाही आलं तर पळत.

अशात ओढ्यावर वीज तयार करायची योजना घेऊन कंपनी आली.

कंपनी ओढ्याचं पाणी वरच अडवणार होती. ते मोठ्या पाइपातून डोंगराला वळसा घालून नेणार, पार खालच्या गावाच्याही खाली जनित्रावर पाडणार आणि तिथून नदीला सोडून देणार. बदल्यात दोन्ही गावांना अखंड वीज. "अखंड" हा शब्द कंपनीच्या साहेबांनी इतक्यांदा उच्चारला की काकूंच्या कानात तो यंत्रासारखा घुमायला लागला. मग कोणी तरी विचारलं, उन्हाळ्यात ओढ्याला पाणी किती उरेल? साहेब म्हणाले, "पुरेसं." काकूंना हा शब्द चांगला ठाऊक होता. कपडा शिवायला टाकणारे असंच म्हणतात, पुरेसा सैल ठेवा. किती सैल ते कपडा बिघडल्यावर सांगतात.

सरकारने परिषदेचं मत मागवलं. गावाला योजना हवी की नको, ते ठराव करून कळवा म्हणे. सभासद बरोब्बर अर्धे इकडे, अर्धे तिकडे. अध्यक्षांचं मत निर्णायक, आणि अध्यक्ष भिडस्त माणूस. त्यांनी जाहीर करून टाकलं, "पाणी खालच्यांचं जाणार. खालच्या काकू म्हणतील तसं माझं मत."

झालं! बिनमताच्या खुर्चीला जन्मात पहिल्यांदा मत आलं आणि काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारची दूधवाली रोज दारात उभी. "काकू, तुम्ही नकोच म्हणणार ना? ओढा आटला तर माझ्या म्हशींनी काय धूळ खायची? तुमच्यावर सगळा भरवसा आहे हो." काकू मान हलवत. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. कारण नेमकी त्याच आठवड्यात वीज सारखी जात होती आणि काकांचे ओठ निळे पडलेले काकूंनी डोळ्यांनी पाहिले होते. इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगायचं तर काकूंना वीज हवी होती. गाव गेलं खड्ड्यात, आधी माझ्या माणसाचा श्वास, असं त्यांच्या मनात आलं आणि आपल्याच मनाची त्यांना भीती वाटली.

काका पलंगावरून सगळं बघत होते. सभेच्या दिवशी काकू पिशवी भरायला लागल्या तशी ते म्हणाले, "अगं, इकडे बघ. माझ्या नाकापायी गावाचा घसा कोरडा पाडू नकोस."

"तुम्ही गप्प बसा. दम लागेल."

"लागू दे. आणि गावाच्या भीतीने मला मारूही नकोस हं," काका हसले. "म्हणजे झालं!"

"मग करू तरी काय?"

"ते मला काय विचारतेस? मी गिरणीवाला. दळण तुझं आहे."

सभागृह खच्चून भरलं होतं. कंपनीचे साहेब पुढच्या बाकावर, दूधवाली मागच्या. अध्यक्षांनी घसा साफ केला, "बोला काकू." काकूंनी त्या दिवशी पुठ्ठा सारला नव्हता, काजं काढली नव्हती. त्या उभ्या राहिल्या.

"मला ह्या खुर्चीवर बसता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी मशीन आहे श्वासाचं. वीज आली तर माझा नवरा जगेल. म्हणजे ह्यात माझा फायदा आहे. मी हो म्हटलं तर ते नवऱ्यासाठी असेल, आणि नको म्हटलं तर लोक काय म्हणतील म्हणून असेल. गावाचं मत त्यात कुठेच नाही. दूधवालीला बसवा. तिला फक्त पाणी हवंय, ते तर अख्ख्या गावाला हवंय. ती खरं बोलेल." पिशवी उचलून त्या दाराकडे निघाल्या.

हे असं कोणी करेल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. सचिवांना मात्र चेव आला. बिचारा नियमावर प्रेम करणारा माणूस. आजवर त्याला कोणी विचारलंच नव्हतं. तो उठून म्हणाला, "काकूंचं बरोबर आहे. ज्याचा घरगुती फायदा, त्याने विषयात भाग घ्यायचा नाही, असा नियमच आहे. सर्वांना लागू." आणि 'सर्वांना' म्हणताना त्याने सभेवरून अशी नजर फिरवली की काही विचारू नका.

खाई त्याला खवखवे! काकू अजून दारापर्यंत पोहोचल्या नव्हत्या, तोच डाव्या हाताचे एक सभासद खाकरून उठले. "पाइप माझ्या जमिनीतून जातोय," ते म्हणाले आणि काकूंच्या मागे निघाले. मग दुसरे उठले, त्यांच्या जावयाला कंपनीत नोकरी कबूल झाली होती. विरोधातलेही उठले हो! एकाचा मासे पाळायचा तलाव ओढ्यावर होता, एकाची डिझेल जनरेटर भाड्याने द्यायची पेढी होती. अखंड वीज आली तर त्याला कोण विचारणार? इतके दिवस सगळे पर्यावरण आणि प्रगती यांवर घसा फोडत होते. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. सगळ्यात शेवटी कंत्राटदार उठले. त्यांच्या मेहुण्याला पाइप टाकायचं काम मिळणार होतं. बिनबटणाचा कोट एका हाताने धरून, मान खाली घालून बाहेर गेले. टेबलापाशी उरले अध्यक्ष, शाळेच्या बाई आणि पाववाला. गणपूर्ती बोंबलली, सभा तहकूब झाली.

बाहेर पायऱ्यांवर हा सगळा गोतावळा काकूंच्या आजूबाजूला खांबासारखा उभा. एकमेकांकडे बघायची सोय नव्हती. मग तलाववाल्यांना हसू फुटलं, त्यांचं बघून जावईवाल्यांना, आणि थोड्या वेळाने सगळी परिषद पायऱ्यांवर बसून पोट धरून हसत होती. काकूंना मात्र रडू आलं. आपण गावाचंही काम केलं नाही आणि नवऱ्याचंही, असं त्यांना वाटत होतं.

तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, तिथे उरलेल्या तिघांनी निर्णय घेतला. दूधवाली खुर्चीवर बसली आणि म्हशींसकट सगळ्यांच्या वतीने बोलली. मत असं गेलं की योजना चालेल, पण लहान. आधी ओढ्याला पाणी, उरेल ते यंत्राला. आणि 'पुरेसं' हा शब्द खोडून किती ते आकड्यात लिहा. कंपनीने तोंड वाकडं केलं, निघून गेली, पुन्हा आली. लहान जनित्राचं बांधकाम अजून चाललंय. पण ओढा त्या उन्हाळ्यातही वाहत होता, आणि अजून वाहतोय.

पुढच्या सभेला काकू पुन्हा खुर्चीवर होत्या, पुठ्ठा-बिठ्ठा सारून. सचिव उभे राहिले. "काकू, पुढच्या विषयात तुमचं हित आहे. जरा बाहेर बसता?"

काकूंना काही कळेना. त्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. आत कोणी भांडत नव्हतं, याचंच त्यांना जास्त भय वाटलं. थोड्या वेळाने कंत्राटदार बाहेर आले. शेजारच्या पायरीवर टेकले, कोट काढला आणि काकूंच्या मांडीवर ठेवला.

"एवढं बटण लावा काकू. कधीचं राहिलंय."

काकूंनी डबीतून बटण निवडलं, दोरा ओवला. "आत काय चाललंय भाऊ?"

"मांडायचं होतं ते मी मांडून आलो. मतं बाकीचे देतायत." मग रस्त्याकडे बघत कंत्राटदार म्हणाले, "त्या दिवशी मी शेवटी उठलो. तुम्ही गेलात तेव्हाच उठायला हवं होतं."

"उठलात ना? मग झालं तर," काकू म्हणाल्या आणि बटणाला दोन वेढे जास्तीचे घातले.

आत बोलावून सचिवांनी ठराव वाचून दाखवला. पाण्याच्या पंपघराला जी कधीच न तुटणारी विजेची लाइन आहे, तिच्यातून दोन्ही गावांतल्या ज्या ज्या घरांत श्वासाचं यंत्र असेल त्या त्या घरांना जोडणी द्यावी. कामाची देखरेख कंत्राटदारांची, विनामूल्य. सर्वानुमते मंजूर. आता दोन्ही गावांत मिळून असं घर एकच होतं, हे काय कुणाला माहीत नव्हतं? काकूंनी हात जोडले. "तुमचे उपकार कसे फेडू?" एवढंच त्यांना बोलता आलं. पाववाला म्हणाला, "फेडायचं काय त्यात? माझ्या बाहीचं बटण लोंबतंय बघा."

लाइन आली. मग एका संध्याकाळी काकू कापडाचा गठ्ठा घेऊन वरच्या गावातून परतत होत्या, आणि डोळ्यांदेखत खालचं गाव अंधारात गेलं. वीज गेली. सवयीने त्या पळायला लागल्या आणि पुलावर आल्यावर सवयीनेच थांबल्या. खाली ओढा दगडांवरून खळखळत होता. त्याच्या आवाजात मिसळून आणखी एक आवाज येत होता. घूं घूं.

काकू पुलाच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि दोन्ही आवाज ऐकत राहिल्या. घाई कसलीच नव्हती. मग सावकाश चालत, वाटेत दूधवालीच्या काळोख्या ओट्यावर दोन शब्द बोलून, घरी गेल्या.

साऱ्या गावात उजेड असलेली ती एकच खिडकी. काका उशीला टेकून बसले होते.

"आज उशीर केलास," ते म्हणाले. "पळत नाही आलीस?"

"नाही," काकू म्हणाल्या. "चालत आले."