लाल एकतीस, पांढऱ्या एकोणीस

“पाड्यावरची ना गं तू? पन्नासपर्यंत मोजता येतं का?”

संस्थेच्या अध्यक्षांनी भर वर्गात सुनीला विचारलं. सगळे हसले. मी तिचा गणिताचा शिक्षक. मीही हसलो.

सातवीचा तास, विषय संभाव्यता. सहा गट, सहा कापडी पिशव्या. प्रत्येकीत पॉवरलूमवरच्या, सूत संपलेल्या दहा रिकाम्या कांड्या, पाच लाल, पाच पांढऱ्या. न बघता एक काढायची, रंग लिहायचा, परत टाकायची. पन्नास वेळा. कांड्या पोरांनीच घराजवळच्या कारखान्यांतून आणलेल्या.

पाहुणे यायचे असले की आमच्याकडे आदल्या दिवशी तालीम होते. तालमीत मीच सांगितलं होतं, काहीही आलं तरी पंचवीस-पंचवीस लिहा, तक्ता तालुक्याच्या प्रदर्शनात जायचाय. पाच गटांनी ऐकलं. सुनीने लिहिलं, लाल एकतीस, पांढऱ्या एकोणीस.

“आल्या तेवढ्या लिवल्या, सर. खोटा न्हाय.”

तिच्या गटातला अयान म्हणाला, “सही है सर, मैंने भी गिना.”

मला ठाऊक होतं. एकतीस येऊ शकतात. पाचही गटांना नेमक्या पंचवीस, हेच न पटणारं होतं. हे शिकवायचाच मला पगार मिळतो. अध्यक्ष बघत होते. मी खोडरबर घेतला आणि तिचे एकतीस खोडले. इतक्या जोरात, की कागद फाटला.

मीही पाड्यावरचाच. वीस वर्षं लपवलं. कुणी विचारलं तर वळ गावचा म्हणायचो, पाड्याचं नाव घेत नव्हतो. बोली शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आत यायचो.

दुसऱ्या दिवशी पिशव्या पुन्हा वाटल्या, तर सुनी पिशवीत हात घालेना. वही उघडून म्हणाली, “तुमीच सांगा सर, किती लिवू?”

टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. एका दिवसात मी तिला एवढं शिकवलं होतं.

मी वर्गासमोर उभा राहिलो. “काल मी तुम्हाला खोटं लिहायला लावलं. सुनीचं बरोबर होतं. मी हसलो, ते चुकलं.” पाच गटांकडून प्रयोग पुन्हा करून घेतला. बावीस, सत्तावीस, चोवीस, वीस, अठ्ठावीस. त्यात सुनीचे एकतीस. तीनशेत एकशे बावन्न लाल. निम्म्याच्या जवळ. पोरं ओरडली. फळ्यावरची बेरीज सुनीने केली, आणि हेच आकडे नव्या तक्त्यावर गेले.

संध्याकाळी अध्यक्षांनी बोलावलं. “तक्ता बदला, सर. नाहीतर पुढच्या वर्षी गणित तुमच्याकडे नाही.”

“नाही बदलणार.”

“त्या पाड्यावरच्या पोरीसाठी?”

“मीबी पाड्यावरचाच हाय, साहेब. आकडा बदलनार न्हाय.”

त्या ऑफिसात माझी बोली पहिल्यांदा निघाली. मी परवानगी न विचारता बाहेर आलो.

गणित काढून घेतील. घेऊ देत. जो वर्ग देतील तिथे पिशव्या नेईन. माझ्या हाताने पोरांचा आकडा पुन्हा खोडला जाणार नाही. आणि माझ्या वर्गात कुणी पुन्हा तसं हसलं, तर तास तिथंच थांबेल. माणूस कोणीही असो.