घरचं वाक्य

इंग्रजी शिकवण्याची माझी एक पद्धत होती आणि तिचा मला नको तेवढा अभिमान होता. वाक्प्रचार शिकवला की त्याचं वाक्य मुलांनी घरून आणायचं, म्हणजे घरात घडलेलं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. गाइडातलं वाक्य आणलं की शून्य. गाइडातली माणसं सदानकदा लंडनला जायची आणि आमच्या गावातून कुणी गेलंच तर गेवराईच्या बाजाराला. मुलं आधी कुरकुरली, मग रमली. ‘वन्स इन अ ब्लू मून’साठी, म्हणजे क्वचित कधीतरी, एकाने लिहिलं, आमच्या नळाला पाणी येतं. ती वही मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दाखवत फिरलो.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. शाळेमागच्या माळावर दूध सोसायटीने जनावरांची छावणी उघडली होती. सोसायटीला दूध घालणाऱ्या सभासदांचीच जनावरं तिथे घ्यायची, असा नियम. आत घेताना जनावराच्या कानात बिल्ला मारत, आणि बिल्ला असेल त्यालाच चारा-पाणी. कितीतरी घरं जनावरांसोबत तिथेच पाल ठोकून राहिली होती. माझ्या आठवीच्या वर्गातली एक मुलगी अशाच पालातून शाळेत यायची. केसांत कडब्याचा भुसा, पण वही अशी की बघत राहावं.

त्या आठवड्यात मी ‘डोळ्यांत धूळ फेकणे’ घेतला. इंग्रजीतही तो तसाच आहे हे कळल्यावर वर्ग खूश झाला. धुळीची तर आमच्याकडे काही कमी नव्हती. मुलीने वाक्य आणलं: माझे वडील छावणीच्या डोळ्यांत धूळ फेकतात, आत्याच्या दोन गाई आमच्या नावावर खातात. आत्या दूरच्या गावी एकटी राहत होती आणि तिथे छावणी नव्हती. सगळं इंग्रजीत, एकही चूक नाही. मी खाली ‘उत्तम’ लिहिलं. तेव्हा माझं लक्ष फक्त भाषेकडे होतं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. ते खोटं आहे. मला सगळं कळलं होतं.

दोनच दिवसांनी सोसायटीचे चेअरमन शाळेला पाण्याची टाकी द्यायला आले. सोबत संचालक होते, छावणीतली माणसं होती. मुख्याध्यापक मला म्हणाले, पोरांचं इंग्रजी दाखवा. मी त्या मुलीला उभं केलं आणि तिची वही नेमकं ते पान उघडून हातात दिली. तिने पान पाहिलं आणि मान हलवली. मला ते दिसलं. लाजत असेल, असं समजणं माझ्या सोयीचं होतं. मी वही काढून घेतली, स्वतःच मोठ्याने वाचलं आणि पाहुण्यांना कळावं म्हणून वर मराठीतही सांगितलं.

टाळ्या पडल्या नाहीत. मागे उभे असलेले तिचे वडील पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते. “पोरगी लई हुशार हाय,” एवढंच म्हणून चेअरमन टाकीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही गाईंच्या कानातले बिल्ले काढले. मी धावतपळत सोसायटीत गेलो.

चेअरमन शांतपणे म्हणाले, “सर, मला काय ठाव नव्हतं? निम्म्या छावणीत पाव्हण्यांची जनावरं हायत. माझ्या मेव्हण्याचा बैल बी हाय. कुनी बोलत न्हाई म्हणून चालतंय. तुमी चारचौघांत वाचलं. आता मी ऐकलंच न्हाई कसं म्हणू?”

कुणाचं जनावर म्हणून विचारलं की ‘आपलंच हाय’ म्हणायचं आणि पुढे विचारायचं नाही, ही तिथली रीत होती. सहा वर्षं त्या गावात राहून मला ती पाठ होती. टाळ्यांच्या हावेपायी मी ती मोडली.

छावणीच्या फाटकाशी तिचे वडील भेटले. गाईंची दावी हातात होती. त्यांनी मला शिव्या द्याव्यात असं फार वाटत होतं.

“पोरीला काय बोलू नका सर,” ते म्हणाले. “तुमी खरं लिवा म्हणलात, तिनं लिवलं.”

गाई चालत आत्याकडे गेल्या. तिथे वैरणीची काडी नव्हती. महिन्याभरात आत्याने दोन्ही विकल्या. त्यातली एक गाभण होती.

मुलगी शाळेत येत राहिली. पुढच्या वाक्प्रचाराला तिने लंडनला निघालेल्या माणसाचं वाक्य आणलं, गाइडातून जसंच्या तसं उतरवलेलं. तिची माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी दहापैकी दहा दिले आणि वही तिच्याकडे सरकवली.

तिने गुण पाहिले आणि वही परत माझ्यासमोर ठेवली.

“सर, हे गाइडातलं हाय. शून्य द्या.”

सगळा वर्ग बघत होता. मी दहा खोडले आणि शून्य दिलं. वही घेऊन ती जागेवर जाऊन बसली. घरचं वाक्य मी त्यानंतर कुणालाच मागितलं नाही.