चाकांना साखळ्या, तोंडं मोकळी

आमच्या लाइनमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत. टायरच्या नक्षीत खडे अडकतात ना, तसे ते अडकत जातात. रोडवर असताना कळतही नाही. गाडी उभी राहिली, खाली वाकून बघितलं की वाटतं, अरे बाप रे, एवढे!

आणि आमची गाडी उभी राहते कुठे? चालत्या रेल्वेवर!

म्हणजे असं, की कोकणातले घाट आणि खड्डे टाळायला आम्ही कोलाडला ट्रक रेल्वेच्या उघड्या वॅगनवर चढवतो. चाकांना ठोकळे, साखळ्या. आपण आपल्याच केबिनमध्ये बसून राहायचं आणि थेट गोव्याला नाहीतर खाली कर्नाटकात उतरायचं. याला म्हणतात रो-रो. पुढे ट्रक, मागे ट्रक, सगळे आपापल्या काचेआड. वॅगन सिग्नलला थांबली की एकमेकांच्या केबिनमध्ये जायचं, थर्मास उघडायचा, गप्पा मारायच्या.

आमचा ग्रुप चौघांचा. मी जाधव, ठाकुर्लीला राहतो. भोईर कोलशेतचा आगरी, आवाज असा की हॉर्नची गरज नाही. कांबळे विठ्ठलवाडीचा, मोजकं बोलणारा. आणि दत्ता सावंत, राहायला डोंबिवलीत, गाव सिंधुदुर्गात. एमआयडीसीतला माल भरून चौघं एकदमच निघायचो.

लोकांना वाटतं ड्रायव्हर लोकांचे किस्से म्हणजे हसून हसून पोट दुखणार. ऐका आणि मग बोला.

*

भोईरची रो-रोची पहिली ट्रिप. दुपारी जेवून गडी केबिनमध्ये आडवा झाला. जाग आली ती एका पुलावर. डोळे उघडून बघतो तर गाडी सुसाट, समोर रस्ताच नाही आणि खाली नदी!

याने ब्रेक दाबला. गाडी थांबेना. हँडब्रेक खेचला. गाडी थांबेना! काचेतून मुंडकं काढून बोंबलायला लागला, "ब्रेक गेला रं! ब्रेक गेला!"

पुढच्या केबिनमधून सावंत ओरडला, "अरे भोईर, रेल्वेवर आहोत आपण!"

आम्ही हसून हसून बेजार. पुढच्या स्टेशनात गाडी थांबली तेव्हा तिघंही त्याच्या केबिनमध्ये घुसलो, म्हटलं अजून थोडी खेचू. बघतो तर भोईर घामाने निथळतोय आणि उजवा पाय अजून ब्रेकवरच.

"हसा रं, हसा," तो म्हणाला. "त्या टायमाला पण मी असाच दाबलेला. तवा पण लागला नव्हता."

त्या टायमाला म्हणजे मुरबाड रोडला. पुढे सायकलवाला होता. तो गेला. ब्रेक खरंच फेल होता, भोईर सुटला. तसं कागदावर सुटला.

थर्मास आणलेला, पण चहा कोणी ओतला नाही.

*

आमच्या शेठने सगळ्या गाड्यांना जीपीएस बसवून घेतलं. शेठ ठाण्यात एसीत बसून मोबाइलवर गाड्या बघायचा. नवीन खेळणं!

एक दिवस मला फोन. "जाधव, काय चाललंय? इंजिन बंद दाखवतंय आणि स्पीड सत्तरच्या वर! उतारावर न्यूट्रल मारतोस? डिझेल वाचवून विकतोस काय?"

म्हटलं, "शेठ, गाडी रेल्वेवर आहे."

शेठ म्हणाला, "म्हणजे गाडी बंद आहे, तरी पळतेय?"

"हो."

"मग तुझ्याबरोबर तो क्लीनर कशाला बसलाय?"

क्लीनर म्हणजे शंकरकाका. कोणी पोरगा नाही, साठीच्या पुढचा माणूस. पूर्वी स्वतः ड्रायव्हर. मीच त्यांच्या हाताखाली स्टेअरिंग धरायला शिकलेलो. डोळ्यांनी दगा दिला तसे डावीकडच्या सीटवर आले. त्या सीटवरूनसुद्धा इंजिनाचा आवाज ऐकून, "गिअर बदल रे," म्हणायचे.

ती ट्रिप संपली आणि शेठने शंकरकाकांना घरी बसवलं. मी जाऊन भांडलो, सावंतही आला होता बरोबर. उपयोग शून्य. शेठ काकांना म्हणाला, "काका, तुम्ही आता आराम करा. रेल्वेवर क्लीनरला कामच नाही."

काकांनी आपली पिशवी उचलली. म्हणाले, "तुझं यंत्र बरोबर सांगतं रे. इंजिन बंद झालं तरी गाडी पळते. मी स्वतःला तसंच इतकी वर्षं पळवलं!"

आणि जिना उतरले. मी हात द्यायला गेलो, तर म्हणाले, "सोड. उतरायला येतं मला."

*

हा कांबळेचा. रेल्वेचा नाही, बोटीचा. मध्यंतरी त्याने ट्रक सोडून टेम्पो धरलेला. खाडी ओलांडायला फेरीबोट असते ना, गाड्या एका बाजूने चढतात आणि दुसऱ्या बाजूने उतरतात, तिच्यावरून रोज जा-ये.

लग्नसराईचे दिवस. रांगेत नवऱ्या मुलाची गाडी, झेंडूच्या माळा लावलेली, मागे वऱ्हाडाच्या दोन गाड्या. एवढ्यात मागून शववाहिनी आली. धक्क्यावरच्या माणसाने रीत म्हणून तिला पुढे काढलं. तिला आधी चढवलं म्हणजे पलीकडे आधी उतरेल.

झालं! नवऱ्या मुलाचा मामा तापला. "अहो, काय अक्कल आहे का तुम्हाला? शुभकार्याला निघालोय आणि आमच्या पुढ्यात मयत?"

धक्क्यावरचा माणूस समजावतोय, मामा ऐकेना. एक-दोघं बाह्या सरसावून पुढे आले. कांबळे मध्ये पडला, त्यालाही दोन शिव्या बसल्या.

तेवढ्यात शववाहिनीतून एक माणूस उतरला. चाळिशीचा, उघड्या अंगावर उपरणं. मयत त्याच्या आईचं होतं. हात जोडून म्हणाला, "तुम्ही पुढे व्हा. आमच्या माणसाला आता घाई नाही."

मामा गाडीत जाऊन बसला.

नवऱ्या मुलाची गाडी पुढे गेली, शववाहिनी शेवटी चढली. बोट सुटली. कांबळे सांगतो, मधल्या पाण्यात नवरा मुलगा गाडीतून उतरला. मुंडावळ्या हाताने बाजूला करून, गाड्यांच्या फटीतून मागे आला आणि त्या माणसाशेजारी उभा राहिला. किनारा आला तसा नवरा मुलगा परत गाडीत जाऊन बसला.

"मग लग्न कसं झालं?" भोईरने विचारलं.

कांबळे म्हणाला, "मला काय माहीत? पण त्या दोघांत रडत होता तो नवरा मुलगा."

*

कांबळेचाच अजून एक. हा त्याने स्वतः सांगितला नाही, मी शेजारी बसलेलो म्हणून मला माहीत.

त्याची मुलगी बारावीला. लहानपणापासून तिच्या आईने तिला दटावलेलं, "पप्पा गाडीवर असताना फोन करायचा नाही. लक्ष जातं." आणि पप्पा कायमच गाडीवर! त्यामुळे या पोरीने बापाला कधी फोन केलेलाच नाही.

रो-रो सुरू झाल्यावर कांबळे खूश. तिला सांगून ठेवलं, "आता मी नुसता बसलेला असतो. कधीही फोन कर."

तिने केला. व्हिडिओ कॉल. कांबळेने आधी आरशात बघून केस सारखे केले!

"जेवलीस?"

"हो. तुम्ही?"

"हो. अभ्यास?"

"चाललाय."

"आई?"

"बरी आहे."

संपलं! पुढे काही सुचेना. तो तिच्याकडे बघतोय, ती त्याच्याकडे बघतेय. त्याने मोबाइल फिरवून तिला बाहेरची झाडं दाखवली. मग एक नदी दाखवली. मग माझ्याकडे फिरवला, "हे जाधवकाका." मी हात हलवला.

शेवटी पोरगीच म्हणाली, "पप्पा, राग नका मानू. पण तुम्ही रोडवर असायचात तेच बरं होतं. न बोलायला कारण तरी होतं."

बोगदा आला आणि नेटवर्क गेलं. बोगदा संपला, नेटवर्क आलं. कांबळे मोबाइल हातात धरून बसून राहिला. फोन तिनेही केला नाही, यानेही केला नाही.

*

एकदा मी सामान नेलेलं राणेआजोबांचं. डोंबिवलीतली त्यांची बिल्डिंग धोकादायक ठरली, सगळ्यांना बाहेर काढलं. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. आजोबा सावंतवाडीकडे भावाच्या घरी निघालेले. ट्रक गोव्यापर्यंत रेल्वेवर, तिथून मागे वळायचं. शंकरकाकांची सीट रिकामीच होती, तिच्यावर आजोबा.

कपाट, पलंग, भांड्यांची पोती, आणि सगळ्यांत वर फ्लॅटचं दार! पुढचं, मुख्य दार. कडी-कोयंडा, पितळी नेमप्लेट सगळं तसंच. आजोबांनी सुताराकडून बिजागऱ्यांसकट काढून घेतलेलं.

कोलाडला गाडीची उंची मोजतात, वरून विजेची तार जाते म्हणून. दार उभं बांधलेलं, ते मापाच्या वर गेलं. रेल्वेचा माणूस म्हणाला, "हे काढा नाहीतर गाडी चढणार नाही." मी वर चढून दार सोडलं, सामानावर आडवं टाकलं, दोरी आवळली. आजोबा खाली उभे राहून नुसते सांगत होते, "हळू. जरा हळू."

मी विचारलं, "आजोबा, लाकूड चांगलं आहे म्हणून नेताय का?"

"छे, साधं आहे," म्हणाले.

भावाच्या घरी पोचलो. भाऊ, भावजय, पुतण्या, सगळी चांगली माणसं हो. पायावर पाणी घातलं, चहा दिला. आजोबांना पडवीतली जागा दिली होती, कॉट, पंखा, सगळी सोय. नुसता पडदा लावलेला. सामान उतरवताना भावजय हसत म्हणाली, "भावजी, दार कशाला हो आणलंत एवढ्या लांब? आपल्या घराला दार आहे ना!"

आजोबा म्हणाले, "आतून लावायला."

भावाने पडदा बघितला आणि मान खाली घातली.

*

आता दत्ता सावंतचा.

त्या दिवशी कोलाडहून गाडी सुटली आणि थोड्या वेळात दत्ताला गावावरून भावाचा फोन. बाबा गेले. सकाळी चहा मागितला, चहा येईपर्यंत संपलं होतं.

दत्ता मोठा मुलगा, अग्नी द्यायचा तो यानेच. आणि हा वॅगनवर, ट्रकला साखळ्या. त्यात गंमत बघा, गाव रेल्वेच्या रुळाला लागूनच! लहानसं स्टेशन, पलीकडे नदी, नदीवर मसणवट. आमची गाडी तिथूनच जाणार, पण थांबणार नाही.

सिग्नलला थांबलो तेव्हा मी आणि भोईर धावत गार्डकडे गेलो. गार्ड भला माणूस. म्हणाला, "मला कळतंय हो. पण तिथे आपल्याला थांबा नाही. क्रॉसिंग लागलं तरच."

दत्ताने भावाला कळवलं. भाऊ म्हणाला, "आम्ही बाबांना स्टेशनात आणून ठेवतो. गाडी जाताना तू दर्शन घे. मग नेऊ."

संध्याकाळ व्हायच्या आत ते स्टेशन आलं. मी दत्ताच्या मागच्या वॅगनवर, काचेतून मान बाहेर काढून बसलेलो. लांबून माणसं दिसली. प्लॅटफॉर्मवर तिरडी, भोवती गाव उभं. आणि गाडीचा वेग कमी व्हायला लागला. अजून कमी. आणि गाडी थांबली! समोरून गाडी येत होती, आम्हाला लाल सिग्नल. दत्ताचा ट्रक बरोबर तिरडीच्या समोर!

बायाबापड्यांनी हात जोडले. भोईर पलीकडून ओरडला, "देव हाय रं दत्ता! जा, उतर!"

भाऊ धावत वॅगनपाशी आला. "दादा, उतर खाली! गाडी थांबली हा!"

दत्ता उतरला नाही.

केबिनमध्ये तसाच बसला. समोर बघत. मागून गार्ड चालत आला, खाली उभा राहून म्हणाला, "सावंत, जा तुम्ही. गेलात तरी चालेल. तुमच्या गाडीचं बघू आम्ही पुढे." मी स्वतः उतरून गेलो, दाराचं हँडल धरलं. आतून लॉक.

"दत्ता," म्हटलं, "अरे, बाप आहे तुझा."

त्याने काच खाली केली. माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या डोक्यावरून भावाला विचारलं, "बाबांची दाढी झाली काय रे?"

भाऊ गोंधळला. "नाय."

दत्ता वळला. सीटमागच्या बॅगेत हात घातला आणि आपलं दाढीचं सामान काढलं. वस्तरा, ब्रश, साबण, छोटी स्टीलची वाटी. सगळं एका पंच्यात गुंडाळलं आणि काचेतून खाली दिलं. मी घेतलं, भावाकडे दिलं. "जिवंत होते तेव्हा मी करायचो. आता माझ्याने नाही होणार, तू कर," म्हणत दत्ताने काच वर केली.

समोरची गाडी निघून गेली. आमचा सिग्नल पडला. मी धावत माझ्या केबिनमध्ये चढलो.

वॅगन हलली तेव्हा भाऊ तिरडीच्या उशाशी उकिडवा बसला होता. कोणीतरी तांब्या धरलेला. आणि तो बोटांनी बापाच्या गालाला पाणी लावत होता.