कानामागं राहिलं

"कानामागं राहिलं की रे!" असं म्हणून म्हातारी दगडाच्या पाठीमागं जायची आणि तिथंही तेल चोळायची.

दगड म्हणजे आमच्या नांदेडचा. निजामाचं राज्य होतं तेव्हा समुद्रापलीकडच्या लढाईत गावची जी पोरं पडली, त्यांच्या नावांचा. तो मी घडवला. शाळा दुसरीत सोडली, अक्षरं मास्तरांनी खडूनं काढून दिली. पण छिन्नी माझी, हे ध्यानात ठेवा.

म्हातारी आमच्याच गल्लीतली. एकुलता एक लेक फौजेत गेला, त्याची राखसुद्धा परत आली नाही. दगड उभा राहिल्यावर मी तिचं बोट धरून लेकाच्या नावावरून फिरवलं. पुढच्या दिवाळीला पहाटे बाई करडईच्या तेलाची वाटी आणि कढत पाण्याची घागर घेऊन हजर!

"मावशी, माझा दगड तेलकट करू नको," मी ओरडलो.

"दगड तुझा, लेकरं माझी. वरच्या पोरान्ला तू लाव, माझा हात पुरंना."

सगळ्यांना लावायची, आंघोळ झाली की पुन्हा तेलाचा हात. स्वतःच्या लेकाची पाळी शेवटी. "लोकाची लेकरं आधी," म्हणायची. मी कुरकुरत वरच्या रांगा चोळायचो. "जोर लाव गवंड्या, जेवला न्हाईस का?"

अशा बऱ्याच दिवाळ्या गेल्या. मग जिल्ह्याचे मोठे साहेब, तालुकदारसाहेब, यांची फेरी ठरली आणि आधी त्यांचा कारकून, पेशकार आला. "पत्थर काला दिखता. चुना मारो."

"नावं बुजतील, साहेब."

"बुजने दो. साहब पढ़ने कू नै आते, देखने कू आते."

मी कुंचला धरायला साफ नकार दिला. त्यानं दुसरे गडी आणले. म्हातारी चबुतऱ्यावर बसून होती. एवढी तोंडाळ बाई, पण हळूच म्हणाली, "आता बोटाला घावायचा न्हाई रे माझा."

गड्यानं कुंचला मारला. दगडात मुरलेलं तेल ते! चुना थेंब थेंब होऊन ओघळला, थेट पेशकाराच्या बुटांवर. पुन्हा मारला, पुन्हा ओघळला. नावं आपली काळीभोर, चकचकीत.

म्हातारी टुणकन उठली. "सायेब, माझी लेकरं आंघोळीला भेत न्हाईत, पर पावडर लावून घेत न्हाईत!"

गल्ली हसली, शेवटी पेशकारही हसला. बूट पुसत म्हणाला, "जाने दो. काला ईच अच्छा है." तालुकदारांना तर त्यानं सांगितलं, खास काळा दगड मुद्दाम मागवलाय.

तेलाची युक्ती माझी, असं मी गावभर सांगितलं. म्हातारीच्या कानावर गेलं. "हाव का? मग पुढच्या साली तेल तू आण." आणलं.

आता ती नाही. वरच्या रांगांना तेल मी लावतोच, खालच्यांसाठी वाकावं लागतं, कंबर शिव्या देते. तिच्या लेकाला शेवटी. मग वाटी उचलून गल्लीच्या तोंडापर्यंत येतो आणि थांबतो.

कानामागं राहिलेलं असतं. परत फिरतो.