मधे टेकवायचं नाही

आता माझी सॅक पाच किलोच्या वर जात नाही. घरचे हसतात. पूर्वी हाच माणूस एका रात्रीसाठी तंबू, स्टोव्ह, दोन पातेली आणि पाच लिटर पाणी घेऊन निघायचा. मिरवायला. होय, मिरवायलाच.

अशाच एका ट्रेकला आण्णा, म्हणजे माझे वडील, हट्टाने आले. मूळचे साताऱ्याचे, उभा जन्म वाशीच्या बाजारात माथाडी, बटाट्याची पोती वाहिलेला माणूस. कोपरखैरण्याच्या घरातून निघताना त्यांनी माझी सॅक एका हाताने उचलून पाहिली आणि सरळ स्वतःच्या पाठीवर घेतली. म्हणाले, "तुला ह्याची सवय न्हाय." मी नको नको केलं, पण खरं सांगतो, मला बरंच वाटलं.

चढावर मी दर वळणाला बसायचो. ते उभेच. सॅक तरी काढा म्हटलं, तर म्हणाले, "वझं घेतलं की जाग्यावर जाऊनच टाकायचं. मधी टेकवलं तर परत उचलून द्यायला मानूस कुठं घावायचा?" अहो, मी होतो की शेजारी. पण बाजाराची रीत हाडात मुरलेली. ते फक्त विचारायचे, "किती राह्यलं?" मी म्हणायचो, "हे काय, आलंच." तीनदा विचारलं, तीनदा हेच सांगितलं. दीड तास बाकी होता आणि मला ते माहीत होतं. मागे फिरावं लागेल म्हणून खोटं बोललो.

चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही. कातळाला हात लावून उभे राहिले, चेहरा पांढराफटक. तिथूनच आम्ही उतरलो. त्याच उन्हाळ्यात आण्णा गेले. डॉक्टर म्हणाले, ट्रेकचा काही संबंध नाही. त्यांना म्हणायला काय जातंय.

तंबू देऊन टाकला. आता दोन तासांची सोपी वाट, गावातल्या देवळात मुक्काम, जेवण आधीच सांगून ठेवलेलं, एक चादर, एक बाटली. दर अर्ध्या तासाला सॅक खाली. तरी चढ लागला की मागून तोच प्रश्न येतो. मी थांबतो आणि खरं तेच मोठ्याने सांगतो, "आण्णा, अजून पाऊण तास. टेकवा आता." सॅक उतरवून, शेजारी जागा सोडून बसतो.

ते टेकवत नाहीत. माझं ओझं पाठीवर घेऊन तसेच उभे राहतात.