टॅब्लेटच्या तोंडाला कुंकू

दसऱ्याच्या सकाळी मी एचएसआर लेआउटहून बनशंकरीला पोचले तेव्हा अण्णा इस्त्रीचा सदरा घालून, गळ्याभोवती मफलर गुंडाळून दारातच खुर्ची टाकून बसले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. मला बघताच त्यांनी मांडीवरचा टॅब्लेट उचलून माझ्या नाकासमोर धरला. नऊ टक्के चार्ज, आणि पडद्यावर पाण्याच्या थेंबाचं एक चिन्ह.

"काल संध्याकाळपासून लावून ठेवलंय," आई आतून म्हणाली. "चढतच नाही. बघ की स्वल्प."

स्वल्प बघायलाही वेळ नव्हता. आम्हाला येलहंकाला आत्याकडे जायचं होतं, म्हणजे बेंगळुराच्या या टोकापासून त्या टोकाला. आत्या सकाळचीच काय ती हुशारीत असते, दुपारी तिला ग्लानी येते. आणि टॅब्लेट बंद पडला तर तिथे जाऊन उपयोग काय, हा प्रश्न मी आल्यापावलीच मोठ्यानं विचारला. माझी जीभ माझ्या आधी घरात शिरते, असं आई म्हणते ते खोटं नाही.

अण्णांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं, तेव्हापासून ते टॅब्लेटवर बोलतात. ते मराठीत टाइप करतात आणि आतली बाई ते वाचून दाखवते. बाईचं मराठी इतकं शुद्ध, की पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेल्या आमच्या घरात तसं कुणी कधी बोललेलं नाही. तिनं "अगं, कॉफी देतेस का?" असं म्हटलं की आई पहिले काही दिवस पदर सावरायची.

आत्या अण्णांची थोरली बहीण. तिची नजर गेलेली, हृदय अशक्त. तिला धक्का नको म्हणून आत्तेभावानं आणि मी ऑपरेशनचं तिला सांगितलंच नाही. अण्णांचा घसा बसलाय, म्हटलं. पण घसा बसून बसून किती बसणार? रोज फोनवर गप्पा मारणारा भाऊ एकाएकी गप्प झाला. आधी ती विचारायची, मग विचारायची थांबली. आणि नवरात्राच्या तोंडावर मुलाला म्हणाली, "माझ्याशी बोलायचं सोडलं त्यानं. काय चुकलं तेवढं तरी सांग म्हणावं." त्याच आठवड्यात डॉक्टरांनी आत्तेभावाला बाजूला घेऊन सांगितलं, की आता ज्यांना भेटायचंय त्यांनी भेटून घ्या.

हे कळलं त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाली, "दसऱ्याला मी जाणार. अक्काला मी सांगणार." आवाज बाईचा, पण तो 'मी' अण्णांचा.

तर असा सगळा जीव त्या नऊ टक्क्यांना टांगलेला. मी कपाटातला खण उपसला. प्रत्येक घरात असतो तसा वायरींचा गुंता, कुठली कशाची ते देवाला ठाऊक. जुन्या वायरींचं टोक एका बाजूनं रुंद, ते उलटं घालायला गेलं की अडतं. टॅब्लेटला लागतं ते लांबट गोल टोक, कसंही घाला, बसतं. तशा दोन वायरी निघाल्या. एकीनं काही झालं नाही, दुसरीनंही नाही. मग मला वाटलं चार्जरच मरतुकडा असेल; फोनबरोबर आलेल्या चिमुकल्या चार्जरवर एवढं मोठं धूड कसं चढणार? म्हणून माझ्या लॅपटॉपचा चार्जर लावला, टोक तेच. थेंब हलेना. शिवाय वायर पूर्ण आत जातच नव्हती. किंचित बाहेर राहायची आणि जरा हात लागला की गळून पडायची.

"हा पाण्यात पडला होता काय?"

"पाण्यात कशाला पडेल?" आई म्हणाली.

"मग हा थेंब कसला? आत ओल आहे म्हणून सांगतोय तो. ओल असली की स्वतःच चार्ज घ्यायचं बंद करतो."

अण्णा टॅब्लेटकडे हात करत होते. त्यांना काहीतरी टाइप करायचं होतं. "अण्णा, तुम्ही आता एक अक्षर बोलू नका, आहे तेवढंही संपेल," मी म्हटलं. मग त्यांनी देवघराकडे बोट केलं, पुन्हा टॅब्लेटकडे केलं आणि हवेतच करंगळीशेजारचं बोट दाबून दाखवलं. मी म्हटलं, "पाया आल्यावर पडते, आता घाई आहे." त्यांनी कपाळाला हात लावला आणि खुर्चीत मागे रेलले.

सणाचा दिवस, दुकानं बंद. खालच्या घरातल्या कानडी शेजारीणबाईंकडून आणखी एक वायर आणली, त्या "सरी, सरी, निधानवागी कोडी" म्हणाल्या, म्हणजे सावकाश परत द्या. तीही अर्धीच बसली. माझ्या फोनवर तेच अ‍ॅप टाकू म्हटलं, तर लेथवर आयुष्य घालवलेली अण्णांची जाड बोटं आणि फोनवरची ती मुंगीएवढी अक्षरं. एक शब्द धड उमटेना. शेवटी मी वहीचा कागद पुढे केला. "लिहून द्या. मी वाचून दाखवते आत्याला."

अण्णांनी कागदावर लिहिलं, "तू वाचलंस तर तू बोललीस." आणि पेन बाजूला ठेवलं. मला रागच आला. एवढी धावपळ करतेय कुणासाठी? पण त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं, हे कळत होतं आणि म्हणून जास्तच राग येत होता.

तेवढ्यात आत्तेभावाचा फोन आला. आत्या उठलीय, चहा घेतलाय, विचारतेय कोण येणार आहे ते. मी "निघतोच" म्हणून ठोकून दिलं, टॅब्लेट खिडकीशी नेला आणि फोनचा टॉर्च लावून वायर घालायच्या भोकात डोकावले.

आत सगळं लाल होतं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. या गावात त्या दिवशी कुंकवातून काही सुटत नाही. बस, रिक्षा, ऑफिसातले कॉम्प्युटर, लिफ्टचं दार, सगळ्यांची पूजा. अण्णा कारखान्यात होते तोवर दर वर्षी आपल्या लेथला स्वतः कुंकू लावायचे, आणि त्यांच्या तिथली रीत अशी, की यंत्र जिथून खातं ते त्याचं तोंड, कुंकू तिथं. यंदा त्यांनी पाटावर आईच्या मिक्सरशेजारी टॅब्लेट मांडला. आता त्यांचं यंत्र तेच. त्याचं तोंड त्यांनी शोधलं आणि बरोबर शोधलं. ओलं हळदकुंकू, वर अक्षता, बोटानं नीट दाबून. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! मघापासून ते मला हेच सांगत होते, आणि मी त्यांना गप्प बसवत होते.

मी आईकडे बघितलं, आईनं अण्णांकडे. अण्णांनी शाळेतल्या मुलासारखे कान पकडले. मला हसू फुटलं.

टॅब्लेट आधी पूर्ण बंद केला. आई टाचणी घेऊन आली, ती मी हिसकावून घेतली. आत मधोमध पातळ जिभेसारखी पट्टी असते, तिच्यावरच्या बारीक बारीक पितळी रेघांतून वीज जाते, तिथं लोखंड खुपसलं की सगळंच संपलं. मग ती फुंकर मारायला वाकली. "थुंकी जाईल गं आत!" मी ओरडले. अगरबत्तीची काडी सुरीनं तासून कागदासारखी चपटी केली आणि पट्टीच्या कडेकडेनं हळूहळू खरवडायला लागले. हळू काम करणं मला जन्मात जमलेलं नाही. लाल खपल्या निघाल्या, मग पिवळ्या, आणि तळाशी दामटून बसलेली तांदळाची कणी. ती निघाली तेव्हा माझ्या पाठीला घाम फुटला होता. मग पंख्यासमोर वाळत ठेवला आणि मी खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. आई म्हणाली, "तू फिरलीस म्हणून लवकर वाळतं काय?"

शेवटी वायर लावली. ती टक्‌ करून पार आत गेली. थेंब गेला होता.

वाटेत तो गाडीतल्या चार्जिंगला लावला, पण तिथली वीज म्हणजे चमच्यानं हौद भरणं. प्रत्येक सिग्नलला मी मागे वळून किती झालं विचारत होते आणि अण्णा बोटांनी आकडा दाखवत होते. नंतर नंतर त्यांनी आकडा दाखवायचं सोडलं आणि डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते. काय म्हणायचं ते ते पाठ करत होते.

आत्या उशाला टेकून बसली होती, पूर्वीच्या निम्मी झालेली. अण्णांनी तिच्या तळहातावर बन्नीची पानं, म्हणजे इकडचं दसऱ्याचं सोनं, ठेवली. तिनं ती चाचपली आणि त्यांचं मनगट धरलं.

"आलास काय? आता तरी बोल की रे."

अण्णांनी बटण दाबलं. "अक्का, मी आलोय," बाई म्हणाली.

"ही कोण?" आत्या दचकली. मी तोंड उघडलं, पण अण्णांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला. ते एका बोटानं टाइप करत राहिले. माझ्या मनात त्यांचं वाक्य मी दहादा पुरं करून टाकलं होतं.

"अक्का, दुसरं कोणी नाही. मीच आहे. माझ्या घशाचं ऑपरेशन झालं. माझा आवाज गेला. परत येणार नाही. आता माझं हे यंत्र बोलतं. तुझं काही चुकलं नाही."

आत्तेभाव औषधाची डबी घट्ट धरून उभा होता. आत्याचा हात अण्णांच्या मनगटावरून दंडावर गेला, खांद्यावर गेला, मफलरखाली गेला आणि गळ्यावर थांबला.

"एवढंच होय?" ती म्हणाली. "अय्यो देवा, एवढंच! मी म्हटलं, रागावला माझ्यावर."

आणि डोळे पुसून तिनं इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं सांगायला घेतलं, सुनेपासून शेजारणीपर्यंत. अण्णांनी दोनदा टॅब्लेट उचलला, दोन्ही वेळा तिनं त्यांचा हात दाबून खाली ठेवला. "थांब रे, मला बोलू दे आधी."