रामटेक रद्द

"सरका थोडेसे, अजून एक बसते."

हे म्हणताना भाऊंचा उजवा हात पुढे यायचा आणि भाकरी थापावी तसा हवेतच दोनदा खालीवर व्हायचा. हात कुणाच्या अंगाला लागायचा नाही, पण जीपमधली माणसं आपोआप आवळून बसायची. मग दारात ताटकळणारा तो 'अजून एक' कसाबसा टेकायचा आणि गाडी निघायची.

भाऊ मूल ते चंद्रपूर काळीपिवळी जीप चालवायचे. मी राहते मूलला आणि शिकवते चंद्रपूरच्या शाळेत, त्यामुळे वर्षानुवर्षं माझी सकाळ त्यांच्या जीपमध्ये गेली. रोजचं गिऱ्हाईक म्हणून ड्रायव्हरच्या बाजूची जागा माझी. त्या जागेचा मला माज होता, खोटं कशाला बोलू? तुम्ही कधी अशा जीपच्या मागच्या बाकावर, कुणाच्या तरी कोपराखाली बसून गेला असाल, तर पुढच्या सीटचं मोल तुम्हाला सांगायला नको.

त्या गाडीत काय काय बसलेलं मी पाहिलं आहे. तांदळाची पोती, नवरानवरी, शेळी, शेळीची दोन पिल्लं. तलावातल्या मासोळ्यांचं टोपलं घेऊन चंद्रपूरच्या बाजाराला जाणारी एक मावशी तर रोजचीच. एकदा चिचपल्लीच्या अलीकडे जंगलात वाघ रस्त्यावर येऊन उभा राहिला. भाऊंनी गाडी थांबवली, कुणी श्वासही घेईना. तेवढ्यात मागून मावशी हळूच म्हणाली, "भाऊ, याले नोको बसवू." वाघ गेला तरी आमचं हसू चंद्रपूरपर्यंत थांबलं नाही.

भाऊंना 'उशीर होतोय' म्हटलं की ते शांतपणे सांगायचे, एसटी टायमावर निघते, आपण भरल्यावर निघतो. भरलेलं केव्हाही बरं. या हिशेबाने शाळेत माझ्या नावापुढे किती लाल फुल्या पडल्या ते सोडा. पण त्यांनी रस्त्यावर हात दाखवणाऱ्या माणसाला कधी तसंच सोडून दिलं नाही, आणि त्यासाठी मला तो माणूस फार आवडायचा.

धाकट्या मुलीचं लग्न उरकलं आणि वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, नागपूरचं काढलं. दोन दिवस जायचं. मेट्रोत बसायचं, सीताबर्डीला फिरायचं, हॉटेलात दुसऱ्याने वाढलेलं खायचं. नागपूर तिने दोनदाच पाहिलं होतं, तेही दवाखान्याच्या खिडकीतून. भाऊ तिथे कितीदा गेले होते, पण वराती नाहीतर पेशंट घेऊन, आणि रात्री गाडीतच झोपून.

भाऊंची चूक एवढीच की ही गोष्ट त्यांनी जीपमध्ये सांगितली. जीपमध्ये सांगितलेली गोष्ट म्हणजे गावजेवण, जो तो पान मांडून बसतो. मावशी म्हणाली, नागपूरले जाऊन राह्यले तं रामटेक काऊन सोडता? राइस मिलमधल्या एका दिवाणजींनी आदासाचा गणपती सुचवला. कुणी खिंडसीच्या तलावाचं नाव घेतलं. तलावाकाठी जन्म गेलेल्या माणसांना आणखी एक तलाव कशाला, हे विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण शिक्षिकेला शोभणार नाही म्हणून मीही सेवाग्राम सुचवून मोकळी झाले.

भाऊंचं प्रत्येकाला एकच उत्तर, बसते ना. सकाळी रामटेक, येता येता खिंडसी, दुपारी आदासा, दुसऱ्या दिवशी सेवाग्राम. नागपूर मध्ये कुठेतरी, रात्री झोपण्यापुरतं.

एवढं फिरायचं तर जीप हवीच. जीप न्यायची तर रिकामी कशी न्यायची? म्हणून मावससासू येणार असं ठरलं. मग भाऊंचा साळा, त्याची बायको, त्यांची दोन पोरं. आठवडाभरात नवराबायकोच्या सहलीची वरात झाली. भाऊ खुशीत होते. त्यांच्या मते वहिनीला नुसतं शहर दाखवण्यापेक्षा दोन देव, एक तलाव, एक आश्रम आणि सगळं गणगोत एकाच फेरीत मिळत होतं.

त्याच दिवसांत एकदा वहिनी बांगड्या भरायला आमच्याबरोबर चंद्रपूरला आली. ती नेहमीसारखी मागे, मासोळ्यांचं टोपलं आणि स्टेपनी यांच्या मधे बसली. पूर्ण रस्ताभर तिच्या सहलीची चर्चा चालली होती आणि ती एका शब्दाने बोलली नाही. चंद्रपूरला उतरल्यावर मी तिला ओढतच चहाला नेलं. म्हटलं, वहिनी, मजा आहे बुवा तुमची, केवढं फिरणार.

तिने चहा बशीत ओतला. मग म्हणाली, "बाई, मले रामटेक नोको. मले एसटीनं जायाचं आहे."

मला काही कळेना. घरची गाडी असताना एसटी कशाला?

"लग्न झालं तवापासून हे समोर अन् मी मांगं. माहेरी गेलो तरी तसंच, पोरीच्या लग्नाले गेलो तरी तसंच. ह्यायचं डोस्कं मांगूनच पाह्यलं मी. एकदा बाजूले बसून जाऊ म्हणते."

म्हणजे रामटेक आलं की जीप आली, जीप आली की भाऊ स्टेअरिंगवर आणि ती मागे, सासू-साळ्याच्या गर्दीत. मी विचारलं, मग त्यांना सांगत का नाही? ती हसली. म्हणाली, सांगतलं तं म्हणतीन, बसते ना. भाऊंच्या बाजूची जागा रोज कोण अडवून बसतं, हे तिने काढलं नाही. तो तिचा मोठेपणा.

दुसऱ्या दिवशी मी त्याच जागेवर बसून विषय काढला. चिचपल्लीचा थांबा गेला होता, मागची मंडळी पेंगत होती.

"भाऊ, रामटेकला जीप लागते. नुसत्या नागपूरला लागते का?"

"नागपूरले काऊन लागन? एसटी आहे ना."

"मग रामटेक सोडा आणि एसटीने जा. वहिनींना तुमच्या बाजूला बसून जायचंय."

समोर रस्ता मोकळा होता, तरी भाऊंनी हॉर्न वाजवला. मला वाटलं, आपण फारच आत घुसलो. मग ते अगदी हळू म्हणाले, "मले बाजूले बसता येत नाई, बाई."

"म्हणजे?"

"पाय ब्रेक शोधते. मांगं एकदा साळ्याच्या गाडीत बाजूले बसलो तं पत्रा दाबून दाबून पायाले गोळे आले."

मला हसू आवरेना. भाऊ मात्र हसले नाहीत. लोहारा आल्यावर त्यांनी विचारलं, "तिनं मलेच काऊन नाई सांगतलं?"

मी म्हटलं, तुमच्या गाडीत तिला बोलायला जागा कुठे उरली होती? हे जरा झोंबलं असावं. चंद्रपूरपर्यंत त्यांनी, पहिल्यांदाच, वाटेत कुणालाही बसवलं नाही. त्या दिवशी मी शाळेत वेळेवर पोचले आणि सगळ्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं.

नंतरच्या सकाळी मूलच्या थांब्यावर सगळी मंडळी चढली होती. साळाही होता, तो सहलीला कुठल्या सीटवर बसायचं ते ठरवत होता. भाऊ मागच्या दाराशी येऊन उभे राहिले. सवयीने हात पुढे आला, आणि तिथेच थांबला.

"रामटेक रद्द," भाऊ म्हणाले. "आदासा रद्द. गाडी इथीच राहते. आमी दोघं एसटीनं जाऊन राह्यलो."

साळ्याने विचारलं, मग आम्ही कुठी बसू?

"नाई बसत."

हे दोन शब्द भाऊंच्या तोंडून ऐकलेला एकही माणूस त्या गाडीत नव्हता. दिवाणजींनी चष्मा काढून पुसला. भाऊंच्या कपाळावर घाम आला होता, जणू कुणाचं तरी कर्ज नाकारलं. शेवटी मावशीच टोपलं सावरत म्हणाली, बरं झालं बापा, देव कुठी पळून जाते? मावससासू मात्र रुसली ती संक्रांतीला तिळगुळासाठीच बोलली.

शनिवारी जीप नव्हती, म्हणून मीही एसटी स्टँडवर गेले. नागपूरची गाडी लागली होती. वहिनी खिडकीत, नवं लुगडं, हातभर हिरव्या बांगड्या. बाजूला भाऊ, समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून, हळदीला बसवलेल्या नवरदेवासारखे. मला पाहून ते असे लाजले की मीच दुसरीकडे बघितलं. गाडी हलली तशी माझ्या मनात आलं, निदान पुढच्या सिंदेवाहीपर्यंत तरी यांनी ड्रायव्हरला सूचना देऊ नयेत.

परत आल्यावर भाऊ महिनाभर मेट्रोचं दुःख करत होते. केवढी मोठी गाडी, किती जागा, आणि अर्धी रिकामी निघून जाते. दार लागते अन् जाते, बाई, कोणाची वाट म्हणून पाहत नाई. हे मला त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मेट्रो माझ्याच चुकीने रिकामी जाते असं वाटायला लागलं.

एकदा मी मोठ्या मनाने माझी जागा वहिनीला देऊ केली. ती बसली, आणि दोन थांब्यांनंतर स्वतःहून मागे आली. म्हणाली, गिअर लागते गुडघ्याले, मांगंच बरं आहे.

आता भाऊ मूलला नाहीत. नजर अधू झाली तशी त्यांनी जीप विकली आणि दोघं थोरल्या मुलीकडे आलापल्लीला गेली. नवा ड्रायव्हर मोजकी माणसं घेतो, वेळेवर निघतो. मी ऐसपैस बसते आणि मला मुळीच करमत नाही.

जायच्या आदल्या दिवशी वहिनी नव्या तांदळाची पिशवी घेऊन माझ्याकडे आली होती. बोलता बोलता मी तिला विचारलं, नागपुरात सगळ्यात चांगलं काय वाटलं? मला वाटलं, मेट्रो म्हणेल.

"उमरेडचा रस्ता," ती म्हणाली.

नागपूरच्या वाटेवरच्या उमरेडला असं काय आहे?

"काई नाई. नागभीडपर्यंत ह्यायचा पाय ब्रेक मारून राह्यला होता. भिवापूर गेलं, मंग थांबला. उमरेडच्या आधी डोस्कं टेकलं माह्या खांद्यावर, अन् घोरू लागले." तिने पदर नीट केला. "नागपूर आलं, सारे उतरले. कंडक्टर म्हणे, बाई, उठवा त्यायले. मी म्हटलं, थांब ना बापा थोडासा."